साखळीचा मान

२० जानेवारी २०२५, सोमवार

ग्रामपंचायतीला विलायतेहून मेल आली आहे. ग्रामपंचायतीचा संगणक तीन वर्षं खोक्यात सुरक्षित असल्यामुळे तिची मेल उमरग्याला, मी कामाला आहे त्या झेरॉक्सच्या दुकानात उघडते. मी बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो आहे, त्यामुळे आमच्या करंजमाळ गावात इंग्रजीचा जाणकार मीच. बाकीच्यांनी एकदाही प्रयत्न केलेला नाही.

बाईंचं नाव ऑड्री व्हिटकोम. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका. त्यांचे खापरपणजोबा हेन्री व्हिटकोम हे कंपनी सरकारचे मोजणी अधिकारी होते आणि ११ मार्च १८५८ रोजी पटकी होऊन आमच्या गावी वारले. बाई त्यांची जुनी पत्रं घेऊन त्याच तारखेला कबरीपाशी येणार आहेत. त्यांना गावाची माफी मागायची आहे. माफी या शब्दाचा अर्थ मी तीन ठिकाणी तपासला. तिन्ही ठिकाणी माफीच निघाली.

पंचाईत अशी की ज्यांच्याबद्दल माफी मागायची ते आमचे देव आहेत.

ही वही कधी बाहेरच्या माणसाच्या हाती पडली तर त्याचा गोंधळ होऊ नये, म्हणून लिहून ठेवतो. निजामाकडून कंपनीने नळदुर्गचा मुलूख सात वर्षं आपल्याकडे घेतला होता. घेतल्या घेतल्या त्यांनी जमीन मोजायला काढली. पाहुणा घरात आला की आधी पाणी मागतो. हे पाहुणे फूटपट्टी घेऊन आले. पुढे मुलूख परत गेला, साहेबाची कबर राहिली. लोकांनी तिला आधी चुना लावला, मग शेंदूर, मग वर पत्र्याचं छप्पर. आता ते मोजणीबाबा आहेत. बांधाचा वाद असला की इथे नवस बोलतात. नैवेद्याला एक उकडलेलं अंडं आणि एक पेटवलेली सिगारेट. सरकारी मोजणीवालासुद्धा मशीन लावण्याआधी इथे नारळ फोडतो. न फोडता मोजलं तर मोजणी चुकते. फोडून मोजलं तरी चुकते, पण मग कोणी तक्रार करत नाही.

जत्रा ११ मार्चला. तालुक्यात इंग्रजी तारखेने भरणारी ही एकच जत्रा. पंचांग बघावं लागत नाही, तेवढे इंग्रजांचे उपकार.

२३ जानेवारी

जत्रेच्या दिवशी लोखंडी साखळी खांद्यावर घेऊन ती कबरीभोवती सात फेरे ओढायची, हा मान आम्हा धनगरांतल्या आमच्या घराचा. मूळ मोजणीची साखळी हलकी होती म्हणतात. मान मोठा दिसावा म्हणून पुढच्या प्रत्येक पिढीने वजन वाढवलं. सध्याची साखळी ट्रक ओढायची आहे, एका गॅरेजवाल्याने नवस फिटल्यावर वाहिलेली. बेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. भंगारवाल्याच्या काट्यावर मी स्वतः तपासली आहे. त्याच काट्यावर मी एक्कावन्न भरलो.

वडिलांचा, म्हणजे आबांचा, गुडघा गेल्यामुळे यंदा मी ओढायची असं ठरलं होतं. आज देवळापाशी गावच्या पाटील घराण्यातल्या राजशेखर अप्पांनी त्यात खोडा घातला. गावाभोवतीच्या चांगल्या जमिनीतली बरीचशी अप्पांच्या भावकीची आहे. त्या सातबाऱ्यांवर जन्मलेल्यांची नावं आहेत, वारलेल्यांची आहेत, आणि अजून जन्मायचे आहेत त्यांचीही आहेत, असं आबांची बहीण सखूआत्या म्हणते. मी सातबारे काढतो, मला तसं बोलता येत नाही.

अप्पा आबांना म्हणाले, "बब्रुवान, साहेब उतरला व्हता कुणाच्या घरी? आमच्या. जेवला कुणाच्या घरी? आमच्या. मग साखळी तुमच्याकडं कशी गेली?"

आबा म्हणाले, "जेवला तुमच्या घरी, म्हून तर पटकी झाली."

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. "कागद हाय का कागद?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आख्ख्या उमरग्याचे कागद मी काढून देतो. आमच्या घराचा एकही कागद नाही.

३१ जानेवारी

दोन मेंढ्या हायवेवर ट्रकखाली गेल्या. एक गाभण होती. माळावर अप्पांनी तारेचं कुंपण घातल्यापासून बारवेचं पाणी बंद झालं, मेंढरं हायवे ओलांडून पाझर तलावावर न्यावी लागतात. ट्रकवाला थांबला होता, हेही लिहिलं पाहिजे. टायर बघायला.

९ फेब्रुवारी

पंच बसले. निकाल असा: बाई कागद घेऊन येणार आहेत, त्यात ज्याचं नाव त्याचा मान. मला रात्री झोप लागली नाही. हा मान गेला तर गावात आमचं काय उरतं, याची यादी करायला बसलो. पहिल्या आकड्यापुढे काही लिहिता आलं नाही.

आबा जेवले नाहीत. आत्या म्हणाली, "लोखंडाचा हार गेला तर जीव द्यायलाव काय, बब्र्या?"

आबा म्हणाले, "बाप ओढत व्हता, आजा ओढत व्हता. तुला बाईमाणसाला न्हाय कळायचं."

"व्हय बाबा. बैलाला कळतं."

७ मार्च

बाई आल्या. सोलापूरहून गाडी करून. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, आणि ज्याला त्याला आधी नमस्कार. स्वागताच्या फलकावर 'हार्दिक'चं 'हार्दीक' झालं होतं, ते मी पहाटेच जाऊन खडूने दुरुस्त केलं.

कबरीपाशी गेल्यावर बाईंनी शेंदूर पाहिला, अंडं पाहिलं, आणि सिगारेटचा धूर निघताना पाहिला. त्यांनी मला विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, नैवेद्य. त्या म्हणाल्या, पण ते तर सिगारेट ओढत नव्हते. हे मी पुजाऱ्याला सांगितलं नाही. एकशे सदुसष्ट वर्षांचं इतकं लागलेलं व्यसन एका दिवसात सुटायचं नाही.

८ मार्च

बाईंनी साहेबाची पत्रं वळणदार अक्षरातून टाइप करून आणली आहेत. दिवसभर मोबाइल आणि शब्दकोश दोन्ही समोर ठेवून मी एका पत्राचं भाषांतर केलं. एकही शब्द गाळलेला नाही. हे पत्र साहेबाने बहिणीला लिहिलं आहे:

"इथला माळ उत्तम गवताचा आहे. धनगर कित्येक पिढ्या त्यावर मेंढ्या चारतात, पण कोणालाही सारा देत नाहीत. ज्याचा सारा येत नाही ते कोणाचंच नसतं, म्हणून मी ते पडीक असं नोंदलं आणि पाटलाला दिलं. तो सारा भरेल आणि कापूस पेरेल. कापूस मुंबईला जाईल, तिथून मँचेस्टरला, आणि कापड होऊन याच लोकांना विकायला परत येईल. असा यात सर्वांचा फायदा आहे. या लोकांना सुधारणं हाही आपला हेतू आहेच. त्यासाठी मी रविवार राखून ठेवला आहे.

म्हाळू नावाचा धनगर माझी साखळी ओढतो. इतका चोख माणूस मी पाहिला नाही. बारवेपासून पूर्वेला चाळीस साखळ्या, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला तितक्याच, अशी आम्ही त्या माळाची चौकट घातली. रेघ त्याच्याच मेंढवाड्यातून गेली, तेव्हा त्याने आपल्या हाताने कूड काढून साखळी सरळ नेली. आपण काय मोजतो आहोत, असं त्याने एकदा विचारलं. मुनशीने सांगितलं, साहेबांनी तुला मान दिला आहे. तेव्हापासून तो साखळीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पाटील माझ्यावर छत्री धरतो."

'म्हाळू' वाचलं आणि मी उभाच राहिलो. म्हाळू हे आबांच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव. पुरावा! तोही इंग्रजीत!

बाई शेजारी बसून रडत होत्या. मी त्यांना धीर दिला, की यात रडण्यासारखं काही नाही, कागद पूर्णपणे आमच्या बाजूचा आहे.

९ मार्च

चावडीपुढे सगळा गाव जमला. आधी बाईंनी माफी मागितली. मी वाक्यावाक्याला भाषांतर केलं. "माझ्या पूर्वजाने तुमची जमीन घेतली. मला त्याची लाज वाटते."

मागून कोणीतरी विचारलं, "बाईला कशाची लाज वाटायली?"

"उघड्या पायानं आली म्हून आसंल."

बाई म्हणाल्या, मी तुमच्यापुढे मान खाली घालते, आणि त्यांनी खरोखर घातली. तेवढ्यात पाच-सहा बायकांनी पुढे होऊन त्यांच्या पायावर लेकरं घातली. देवाचं रक्त आहे, नुसत्या कबरीपेक्षा लवकर पावेल, हा हिशेब बरोबरच होता. बाई "नो, नो" म्हणत मागे सरकल्या. एका आजीने त्याचा अर्थ 'नऊ, नऊ' असा लावून नऊ नारळ कबूल केले. मी तिला समजावलं, पण आता कबूल केलेले परत कसे घ्यायचे म्हणाली.

मग मी पत्र वाचलं. म्हाळूचं वाक्य आबांनी तीन वेळा वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा उपरण्याने डोळे पुसले. मला वाटलं होतं अप्पा चिडतील. अप्पाही खूश! म्हणाले, "ऐकलं का? पडीक व्हतं. साहेबाच्या हातचं हाय. आता माळावर कुणी बोट दावायचं न्हाय. आन् छत्री आमची, बरं का! साखळी खाली फरपटती, छत्री वर आसती."

आबांना त्यांची साखळी मिळाली, अप्पांना छत्री मिळाली आणि त्यावर जमिनीची पावती मिळाली. साहेब मरून इतकी वर्षं झाली तरी वाटप कसं चोख करतात. चावडीवर नाराज अशा फक्त बाई.

आणि आत्या. ती मागून मोठ्याने म्हणाली, "म्हंजी आपलंच रान आपणच मोजून दिलं, आन् मजुरीत काय मिळालं तर मान! लई भारी की रं."

लोक हसले. आत्याला इतिहास कळत नाही. मला मात्र चेहऱ्यावर ऊन लागल्यासारखं झालं, सावलीत असून.

बाईंनी मला विचारलं, हे साखळी ओढणं थांबवता नाही का येणार? मी भाषांतर केलं. अप्पा म्हणाले, "बाईला म्हणावं, तुमचं राज्य गेलं. आता आमचा देव कवा बंद करायचा ते आमी ठरवू."

इथेच संपायचं. पण अप्पांना माझ्याकडे बघून हुक्की आली. "कागद मानायचा तर सगळा माना. कबरीला सात फेरे कुठं लिवलेत? चाळीस-चाळीस साखळ्या चारी बाजूंनी लिवल्यात. ओढ की मग, झेरॉक्स! फाटक उघडून देतो. बघू खांदा ऱ्हातो का."

पंचांना पटलं. कागद म्हणजे कागद.

१० मार्च

मोजणीची एक साखळी सहासष्ट फूट, म्हणजे माझी सव्वीस पावलं. चाळीस म्हणजे दोन हजार सहाशे चाळीस फूट. चार बाजू मिळून दहा हजार पाचशे साठ. तीन किलोमीटरहून जास्त. वजन बेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. मी तीन वेळा गुणाकार केला, कमी होत नाही.

दुकानातून जुना नकाशा काढून त्यावर पेन्सिलने चौकट आखली. नेमकी बसली. आज ज्या गटांचे उतारे मी अप्पांना काढून देतो, तेच सगळे. दर वेळी मीच काढतो. स्वच्छ, शिक्क्यासह.

संध्याकाळी आत्या नकाशा बघायला बसली. तिला वाचता येत नाही, पण बोटाने विचारत होती. "ही बारव? आन् ही रेघ बारवंवरनं निगती?"

"बारवेपासूनच सुरू होते. आणि तिथेच संपते."

"फाटक किती येळ उघडं?"

"साखळी परत येईपर्यंत."

"आन् साखळीच्या मागनं कोण चालायचं?"

"ज्याला वाटेल तो. आपले सगळेच."

तिने मान हलवली. म्हणाली, "म्हाळूला मुनशीनं सांगितलं मान हाय. तुला रं कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, आबांनी. ती उठून धनगरांच्या घरांकडे गेली. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच मानात लक्ष घातलं, म्हणून मला बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

काल जत्रा झाली. खांद्याची साल निघाली आहे, वही मांडीवर ठेवून लिहितो आहे. घडलं त्याच क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला अप्पांनी स्वतः फाटक उघडलं. फेटा बांधला होता. आदल्या दिवशी सोलापूरहून झालर लावलेली मोठी छत्री आणली होती. बारवेजवळच्या दगडावर बाईंना बसवलं आणि अप्पा त्यांच्यावर छत्री धरून उभे राहिले. बाई म्हणाल्या, प्लीज, मला टोपी आहे. अप्पा म्हणाले, "थँक्यू."

आबांनी साखळी माझ्या खांद्यावर ठेवली. हलगी वाजली. मी पूर्वेला निघालो. मागे आबा, पंच, गुलाल उडवणारी पोरं.

तीसेक पावलांवर मागचा आवाज बदलला. मी वळून पाहिलं. फाटकातून आत्या आत येत होती. कपाळभर गुलाल. तिच्यामागे आमची साठ मेंढरं, आणि त्यांच्यामागे अकरा घरांची. फाटक भरून आत येत होती, थांबतच नव्हती. पुढची पार बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्याला लागली होती, बाकीची अप्पांनी राखलेल्या गवतात तोंड खुपसून.

"अय! अय सखू! मेंढरं भाईर काढ!" अप्पा ओरडले.

आत्या म्हणाली, "मागनं चालायलोय की. मान हाय आमचा."

"मान तुझा, मेंढरांचा न्हाय!"

"त्यांनाच इचारा. त्यांचंच मोजलं व्हतं."

अप्पांनी छत्री टाकायला हात खाली केला. तेवढ्यात त्यांच्या आई शांताक्का पुढे आल्या. त्या घरात कन्नड बोलतात, रागावल्या की बाहेरही. "बेड यप्पा, बेड! छत्री सोडू नगंस! साहेबाच्या रक्तावर ऊन पडलं तर मान गेला म्हून समज. हे लोक टपलेत."

अप्पांनी छत्री पुन्हा वर धरली. मग ते पंचांना म्हणाले, साखळी थांबवा. पंच एकमेकांकडे बघू लागले. शेवटी थोरले पंच म्हणाले, मोजणी चालू असताना साखळी अडवली तर गावाच्या सगळ्या बांधांना दोष लागेल, जबाबदारी कोण घेणार? कोणीच घेतली नाही. अप्पांच्या स्वतःच्या तीन बांधांचे नवस तिथे बोललेले आहेत.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी घाबरलो होतो, हे लिहून ठेवतो. मी भरभर ओढून फेरी संपवली असती तर सगळं दीड तासात मिटलं असतं, अप्पांचं गवत वाचलं असतं, आणि उद्या दुकानात ते आले असते तर मला वर बघता आलं असतं. तसं करायचं मी ठरवलंही होतं, असं वाटतं. पण दक्षिणेची बाजू सुरू करताना शंका आली, की पूर्वेच्या चाळीस साखळ्या मी नीट मोजल्या की एकोणचाळीसच झाल्या. मागे हलगी वाजते, माणसाचं लक्ष जातं. शंका ठेवून मान पुरा करणं बरोबर नाही. मी बारवेपाशी परत गेलो आणि पहिल्यापासून मोजलं. चाळीसच होत्या.

अप्पा छत्रीखालून ओरडले, "काय चाललंय रं?"

मी खिशातलं भाषांतर काढून दाखवलं. "चाळीस लिहिलंय, अप्पा. कागद मानायचा तर सगळा."

दक्षिणेच्या बाजूला मी प्रत्येक सहासष्ट फुटांवर थांबलो आणि खूण केली. पश्चिमेला तेवढ्याच अंतरात दोन-दोनदा. आबा लंगडत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "शिवराज, जड झाली का?" मी म्हणालो, "हो, आबा." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे मेंढरांकडे, आणि म्हणाले, "मग बस जरा." आम्ही दोघे बसलो. पंचही बसले. कोणीतरी चहा आणला.

लांब बारवेजवळ अप्पांचे दोन्ही हात आलटून पालटून वर होते. बाई मेंढरांचे फोटो काढत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. त्यांना कार्यक्रम असाच असतो असं वाटलं असावं.

दुपारचे अडीच वाजले तेव्हा उत्तरेच्या बाजूचे शेवटचे सहासष्ट फूट राहिले होते. सावलीला एक झाड नाही, खांद्यावरून रक्त यायला लागलेलं. समोर आत्या बारवेच्या पायरीवर पाय सोडून बसली होती आणि दोन कोकरांना ओंजळीने पाणी पाजत होती. ती मला म्हणाली नाही की हळू चल.

मी साखळी उचलली, उत्तरेची बाजू सुरू होते तिथे परत नेली आणि एकपासून मोजायला लागलो.